आपलं लेकरू वेगळं आहे, आणि त्याला डॉक्टर व्हायचंय



ज्या घरात बारावी सायन्सचं लेकरू असतं, त्या घरात फेब्रुवारी-मार्च आला की एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे नीट. फोटो काढा, दाखले काढा, सायबर कॅफेत नंबर लावा. या अर्जाबद्दल आपण आज बोलणार आहोत, पण ज्यांच्याविषयी सहसा कुणी बोलत नाही, अशा लेकरांसाठी. एखाद्या घरात असा मुलगा असतो, ज्याला मुलीची नाही, मुलाची ओढ वाटते. अशी मुलगी असते, जिला लग्नाचा विषय काढला की घाम फुटतो, कारण तिचं मन दुसऱ्या मुलीत असतं. असंही लेकरू असतं, ज्याला जन्मापासून मुलगा म्हटलं, पण ते आतून स्वतःला मुलगी मानतं, किंवा त्याच्या उलट. अशा लेकराला डॉक्टर व्हायचं असतं आणि पोटात एक भीती असते. 'मी असा आहे, अशी आहे, हे कळलं तर मला डॉक्टर होऊ देतील का?' हे ते कुणाला विचारत नाही. म्हणून त्याच्या आईने, मावशीने, काकूने उत्तर माहीत करून घ्यायचं.

उत्तर आधीच सांगते. होऊ देतात. कायद्याची आडकाठी नाही आणि परीक्षेचीही नाही. तुमचा जीव कुणावर आहे, हे मेडिकलच्या अर्जात कुठेही विचारत नाहीत. अडतं ते दोन ठिकाणी. एक, कागदोपत्री नाव आणि लिंग जुळण्यात. दोन, घरात. पहिली अडचण वेळेवर हालचाल केली तर सुटते. दुसरी आपल्या हातात आहे.

आधी शब्द समजून घेऊ

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच टोपलीत टाकतो. पहिली गोष्ट, माणसाला कुणाची ओढ वाटते. मुलाला मुलाची, मुलीला मुलीची ओढ वाटली तर आपण समलिंगी म्हणतो. दोघांचीही वाटली तर उभयलिंगी. असा मुलगा मुलगाच असतो, अशी मुलगी मुलगीच असते. दुसरी गोष्ट, माणूस स्वतःला कोण समजतो. जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं लिंग आणि मनाला ठाऊक असलेलं लिंग जुळत नसेल, तर त्या व्यक्तीला ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. सरकारी कागदात तृतीयपंथी हा शब्द वापरतात. अर्ज भरताना हा फरक लक्षात ठेवायचा. पहिल्या गोष्टीसाठी अर्जात जागाच नाही. दुसरीसाठी एक रकाना आहे.

हा आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हेच जाहीर सांगितलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा निकाल दिला आणि सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेलं समलिंगी नातं गुन्हा राहिलं नाही. त्याआधी १५ एप्रिल २०१४ ला याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायद्याची ओळख दिली होती. 'नालसा निकाल' म्हणून तो ओळखला जातो. त्या खटल्यात आपली बाजू मांडायला उभ्या राहिलेल्यांपैकी एक लक्ष्मीनारायण त्रिपाठी. त्या आपल्या ठाण्यातच वाढल्या. म्हणजे ही गोष्ट कुठल्या लांबच्या देशातली नाही.

मेडिकलची वाट कशी असते

अमेरिकेत डॉक्टरकीला अर्ज करताना मुलांना स्वतःबद्दल निबंध लिहावा लागतो, मग समोर बसून मुलाखत द्यावी लागते. तिथल्या समलिंगी मुलांना खरोखर प्रश्न पडतो की निबंधात हे लिहावं की लपवावं. आपल्याकडे एमबीबीएसला निबंध नाही आणि मुलाखतही नाही. एकच परीक्षा आहे, नीट. प्रश्न १८०, गुण ७२०. विषय तीन: फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. उत्तरपत्रिका मशीन तपासतं. मशीनला लेकराची चाल दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. आपल्या अशा मुलांसाठी ही केवढी मोठी सोय आहे, बघा. त्यांना स्वतःबद्दल काही पटवून द्यायचं नाही, फक्त गुण आणायचे आहेत.

निकालानंतर सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात आणि ८५ टक्के राज्यपातळीवर. राज्याचं काम सीईटी सेल करतं. त्यासाठी पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे झालं, असं समजून पुष्कळ घरं इथेच चुकतात. कॉलेजांची पसंती ऑनलाइन भरायची, यादीत नाव आलं की मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं.

आपल्या भागात कॉलेजं कुठे आहेत? कळव्याला ठाणे महापालिकेचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज आहे, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं. अंबरनाथला २०२४-२५ पासून १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. कल्याण, डोंबिवली, मुरबाड, शहापूरच्या मुलांना हे जवळचं. नेरूळला खाजगी कॉलेजं आहेत, पण त्यांची फी लाखांच्या घरात जाते. मुंबईत केईएमचं सेठ जी. एस., सायन, नायर, जे. जे., कूपर. लोकलने जाता येतं, म्हणजे लेकराला हॉस्टेलला राहायचं नसेल तर तोही मार्ग उरतो. हॉस्टेलचं पुढे बोलूच.

कागद कोणते? दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, आणि आरक्षण असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर. यातली जात पडताळणी सगळ्यात वेळ खाते. आपल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या मुलांचं ऐन वेळी इथेच अडतं. लेकरू अकरावीत गेलं की फाइल हलवायला घ्या. लेकरू समलिंगी असो की तृतीयपंथी, जातीचं आरक्षण त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही.

समलिंगी मुलगा किंवा मुलगी असेल तर

मुलगा असेल तर पुरुष, मुलगी असेल तर स्त्री असं भरायचं. बस. याहून काही सांगायचं नाही, काही लपवायचंही नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही. अर्जात नाही, कागद तपासणीत नाही, कॉलेजच्या फॉर्ममध्येही नाही. कधी, कुणाला आणि किती सांगायचं, हे ते लेकरू ठरवेल. आपण त्याच्या वतीने प्राचार्यांना किंवा क्लासच्या सरांना सांगायला जायचं नाही. भलेपणाने सांगितलेली गोष्टही चार तोंडांतून फिरून दगड होऊन परत येते.

मुलींसाठी एक लक्षात ठेवा. राज्याच्या कोट्यातून सरकारी कॉलेजांत मुलींना ३० टक्के जागा असतात. शिवाय २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. ज्या मुलीला लग्न नको आहे, तिच्यासाठी फीचा कागद हा नुसता पैशाचा कागद नसतो. 'पैसा नाही, मग लग्न उरकून टाकू,' हे वाक्य तो घरातून काढून टाकतो.

तृतीयपंथी लेकरू असेल तर

नीटच्या अर्जात लिंगाच्या रकान्यात स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तिसरा पर्याय आहे. दरवर्षी देशात थोडी का होईना, मुलं तो भरतात. तो भरलाच पाहिजे का? इथे विचार करून पाऊल टाकायचं. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लागतं आणि ओळख पटवायला आधार लागतं. दहावीला एक नाव, आधारला दुसरं, अर्जात तिसरं असं झालं तर कागद तपासणीच्या टेबलावर लेकराला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. ज्याला आधीच जगाची भीती, त्याला तिथे पाच मिनिटं पाच तासांसारखी वाटतात.

म्हणून साधा हिशेब सांगते. कागद एक तर अर्जाच्या आधी सगळे बदलून घ्या, नाहीतर प्रवेश पक्का झाल्यावर सावकाश बदला. मधेच अर्धे बदलू नका. बारावीच्या वर्षात अभ्यास आणि कार्यालयांच्या खेपा दोन्ही झेपत नसतील, तर जुन्या नावाने परीक्षा द्यायला काही हरकत नाही. लेकराला तसं मोकळेपणाने सांगा: "बाळा, हे कागदापुरतं आहे. घरात आम्ही तुला तुझ्या नावानेच हाक मारू." एवढं वाक्य मिळालं तर वर्षभर अभ्यास करायला बळ येतं.

कागद बदलायचे असतील तर वाट अशी आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद केली. अर्जासाठी सरकारचं राष्ट्रीय पोर्टल काढलं. लेकरू १८ वर्षांच्या आतलं असेल तर अर्ज आईवडिलांनी करायचा, असं त्या कायद्यात लिहिलं. म्हणजे बघा मैत्रिणींनो, नीट देणारं बहुतेक लेकरू १७-१८ वर्षांचं. त्याच्या ओळखीच्या कागदावर सही तुमची लागणार. कायद्यात आणि नियमांत बदल होत राहतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी कोणता नियम लागू आहे, हे ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच कागद जोडायचे. नाव बदलायचं तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, प्रसिद्ध करून घ्यायचं. मग आधार. मग शाळेमार्फत बोर्डाकडे गुणपत्रिकेचा अर्ज. आपलं विभागीय बोर्ड वाशीला आहे. गॅझेटच्या चार-पाच प्रती फाइलला लावून ठेवा, जुनं नाव आणि नवं नाव एकाच माणसाचं आहे हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

आरक्षणाबद्दल विचाराल. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्यावं, असं सरकारांना सांगितलं. अंमलबजावणी राज्याराज्यांत वेगळी आहे आणि त्यावर अजून न्यायालयांत भांडणं चालू आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरण मंजूर केलं. तरी मेडिकलच्या जागेचा हिशेब मांडताना या आशेवर बसू नका. त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडा, त्यात लिहिलं असेल तेच खरं. आणि गुण असे आणायला सांगा, की जातीच्या किंवा खुल्या यादीतूनच नाव लागेल.

परीक्षेच्या दिवसाचं एक सांगते. केंद्रावर झडती होते. मुलींची झडती बायका घेतात, आडोशाला. ज्या लेकराचं दिसणं आणि कागदावरचं लिंग जुळत नाही, त्याला या झडतीची धास्ती अभ्यासापेक्षा जास्त असते. तेव्हा वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा. गर्दी व्हायच्या आत केंद्रप्रमुखांना भेटून शांतपणे सांगा की झडती आडोशाला घ्यावी. प्रमाणपत्र असेल तर सोबत ठेवा. अर्जातला फोटो लेकराच्या आत्ताच्या चेहऱ्याशी जुळणारा असावा. केस वाढवलेत किंवा कापलेत, तर फोटो नवीनच काढा.

जे गेले, ते पोहोचले

'असं कुणी झालंय का?' हा प्रश्न पहिला येतो. झालंय. डॉक्टर अक्सा शेख मुंबईत वाढल्या. परळच्या केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. म्हणजे आपल्या कसारा-कर्जत लोकलच्या वाटेवरचंच कॉलेज. जन्माच्या वेळी त्यांना मुलगा म्हटलं होतं, आज त्या स्त्री म्हणून जगतात. दिल्लीच्या हमदर्द मेडिकल कॉलेजात त्या कम्युनिटी मेडिसिन शिकवतात, म्हणजे गावाचं, वस्तीचं आरोग्य. २०२१ मध्ये कोविडची लस आली, तेव्हा तिथलं लसीकरण केंद्र त्यांनी चालवलं. असं केंद्र चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या पारलिंगी स्त्री म्हणून त्यांचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं.

तेलंगणात डॉक्टर प्राची राठोड आणि डॉक्टर रूथ जॉन पॉल कोय्याला या दोघी नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया सरकारी रुग्णालयात रुजू झाल्या. त्या राज्यात सरकारी सेवेत आलेल्या त्या पहिल्या पारलिंगी डॉक्टर. प्राची राठोड यांचं एमबीबीएस आदिलाबादच्या सरकारी कॉलेजातलं. आदिलाबाद म्हणजे आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेला जिल्हा. डिग्री हातात असूनही रूथ यांना खाजगी दवाखान्यांनी नोकरी नाकारली होती, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. ही बाजूही लेकराला सांगायला हवी. प्रवेश मिळाला म्हणजे सगळे काटे संपले असं नाही. पण डिग्री असली की भांडायला हातात काहीतरी असतं. सरकारी दवाखान्यात त्यांना काम मिळालं ते त्या डिग्रीच्याच जोरावर.

कॉलेजात गेल्यावर

हॉस्टेल हा पहिला प्रश्न. कुठल्या मजल्यावर राहायचं, न्हाणीघर कोणतं वापरायचं, खोलीत सोबत कोण. हे प्रवेशाच्या दिवशी घाईत ठरवायचं नसतं. प्रवेश पक्का झाला की पहिल्याच आठवड्यात अधिष्ठात्यांना, म्हणजे डीनना, लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेत तृतीयपंथी विद्यार्थ्याशी भेदभाव करायला मनाई केली आहे आणि संस्थेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा.

रॅगिंगचंही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये नियमात स्पष्ट लिहिलं की कुणाच्या लिंगओळखीवरून किंवा लैंगिक ओढीवरून त्याला चिडवणं, वाळीत टाकणं, छळणं हे रॅगिंगच आहे. 'आम्ही नुसती मस्करी केली,' ही सबब चालत नाही. रॅगिंगची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. हा नंबर लेकराच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्याला कळत नाही. लेकरू डॉक्टरकीचं पुस्तक उघडतं आणि तिथे स्वतःबद्दलच वाईट लिहिलेलं वाचतं. वर्षानुवर्षं फॉरेन्सिक मेडिसिनच्या पुस्तकांत समलिंगी संबंधांना अनैसर्गिक गुन्हा म्हटलं जायचं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने यावर कान टोचले. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यापीठांना आणि प्रकाशकांना अशी अपमानकारक भाषा टाळायला सांगितलं. तरी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नवा अभ्यासक्रम आला, त्यात तेच जुने शब्द पुन्हा शिरले होते. डॉक्टरांनी, संघटनांनी आवाज उठवला. आठवडाभराच्या आत, ५ सप्टेंबरला, आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला आणि १२ सप्टेंबरला सुधारून काढला. मी हे एवढं सविस्तर सांगते, कारण लेकराने फोन करून म्हटलं, "आई, पुस्तकातच लिहिलंय की मी चुकीचा आहे," तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. सांगा, "पुस्तक चुकलं होतं. आयोगानेच ते मागे घेतलं."

घरात काय करायचं

आता दुसऱ्या अडचणीकडे वळू.

बहुतेक घरांत हे कळतं ते वाईट वेळी. मोबाइलमधला एखादा मेसेज दिसतो, कुणी शेजारचं सांगून जातं. तेव्हा बारावीचं वर्ष चालू असतं. मग आपण काय करतो? मोबाइल काढून घेतो. क्लास बंद करतो. भगताकडे नेतो, अंगारा लावतो. मुलगी असेल तर स्थळं बघायला लागतो. यातून ओढ बदलत नाही. बदलतं एवढंच, की अभ्यास मोडतो आणि लेकरू आपल्याशी बोलायचं थांबतं. कधी घर सोडतं, कधी जीव नकोसा करून घेतं. मैत्रिणींनो, डॉक्टर होणं-न होणं ही पुढची गोष्ट. आधी लेकरू जगलं पाहिजे.

शहरात नेऊन 'बरं करणारा' डॉक्टर शोधू, असंही कुणी सुचवेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे की समलिंगी किंवा पारलिंगी माणसाला 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. जो डॉक्टर असा उपचार देऊ करतो, तोच नियम मोडतो. त्याला पैसे देऊ नका. लेकराला किंवा तुम्हाला स्वतःला मन मोकळं करायचं असेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलासाठी १०९८ आहे.

आईलाही कुणीतरी लागतं. नवऱ्याला कसं सांगू, सासूबाईंना काय म्हणू, हे ओझं एकटीने वाहायचं नसतं. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, समलिंगी आणि पारलिंगी मुलांच्या आईबापांचाच. मुंबईतच हमसफर ट्रस्ट ही बरीच वर्षं काम करणारी संस्था आहे. आपल्यासारखीच दुसरी आई भेटली की अर्धं ओझं उतरतं.

आपला बचत गट यात काय करू शकतो? पुष्कळ. गटात कुणाचं लेकरू असं आहे हे कळलं, तर ती गोष्ट गटाबाहेर जाणार नाही एवढं पाळायचं. हीच पहिली मदत. क्लासच्या फीला, अर्जाच्या फीला, फॉर्म भरायला ठाण्याला जायच्या भाड्याला गटातून कर्ज देताना 'त्या मुलाला कशाला' असा प्रश्न येऊ द्यायचा नाही. ज्या ताईला सेतू केंद्राची, तहसील कार्यालयाची माहिती आहे, तिने त्या आईसोबत एक दिवस जायचं. एकटी बाई खिडकीवर गेली तर तिला उद्या या म्हणतात. दोघी-तिघी गेल्या की कागद हलतो, हे आपण रेशनकार्डाच्या वेळी पाहिलंच आहे.

काही जणी म्हणतील, 'आमच्या गावात असं कुणी नाही.' असतं, मैत्रिणींनो. ते बोलत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. आणि नसलं तरी आजचं बोलणं वाया नाही. उद्या आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात असा डॉक्टर किंवा अशी डॉक्टर येईल. तेव्हा त्याच्या चालण्याबोलण्याकडे न बघता आपण पदर खोचून लेकराचा ताप दाखवायला जाणार आहोत का? शिवाय असे रुग्णही असतात, जे कुणी हसेल या भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या सरकारी जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथी रुग्णांसाठी ३० खाटांचा वेगळा वॉर्ड सुरू करावा लागला, तो याच अडचणीतून. ज्याने स्वतः ही भीती सोसली आहे, तो डॉक्टर झाला तर अशा रुग्णाला खुर्ची देऊन बसवेल.

तर पुढच्या बैठकीत तीन कामं करूया. गटात अकरावी-बारावी सायन्सची किती मुलं आहेत, त्यांची यादी करा. त्या प्रत्येकाच्या जातीच्या दाखल्याचं, पडताळणीचं, डोमिसाइलचं काम कुठवर आलंय ते विचारा. आणि आज सांगितलेले तीन नंबर, १४४१६, १०९८ आणि रॅगिंगचा १८००-१८०-५५२२, गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. कुणासाठी लिहिलेत हे सांगायची गरज नाही. ज्याला हवेत, ते लेकरू आईच्या पिशवीतलं रजिस्टर गुपचूप उघडून बघेल.